द्वारका ते पपया नर्सरी

चार वर्षं मी ती मालिका पाहिली असं म्हणते,
पण खरं सांगायचं तर
हातमोजे चढले की मी ओढणी तोंडावर घ्यायचे
आणि वाजणं थांबलं की नवऱ्याला विचारायचे, झालं का?
तो केव्हाच झोपलेला असायचा.

म्हणून कंपनीच्या बसमध्ये
ज्योत्स्ना गायखेसाठी मी शेजारची जागा धरून ठेवायचे.
जेल रोडला ती चढायची, डबा मांडीवर,
बसायच्या आधीच म्हणायची,
काल बरगड्या उघडल्या, बघितलंस?
नाही ना. सांग.

द्वारकेला बस अडकली की छाती उघडायची.
मायको सर्कलला हृदय हातात.
पपया नर्सरी येईस्तोवर टाके घालून व्हायचे.

ती बोटांनी सांगायची.
घट्ट कोबीचा गड्डा मोडताना पहिलं पान कसं करकरतं,
फासळी तशी, म्हणायची.
डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात
डोळा म्हणजे थॉमसनचा मणी गं, साल सुटायला आलेला,
आणि त्या हंगामात
पिंपळगावहून माहेरची पेटी आली, ती मी तशीच शेजारी दिली.

मागच्या सीटवरून नाझनीन:
ती आतडी बोकडाची होती.
माझ्या अब्बांचं दुकान आहे, मला शिकवू नका.
ज्योत्स्ना म्हणायची, बोकडाची असतील,
पण रडला तो नट खरा होता.
कांद्याला हात न लावणाऱ्या कांकरिया मॅडम,
अकाउंट्सच्या,
पुढून मान वळवून सगळ्यात आधी विचारायच्या,
सळई ओढून काढली की आधी कापली?
आणि ड्रायव्हर दगूनाना,
बायांनो, माझा नाश्ता व्हायचाय अजून.

एकदा मतदान घेतलं. भाजलेला पोरगा की सळईवाला.
सळई जिंकली, अकरा विरुद्ध चार.
दगूनानांचं मत सळईला.

मग श्रावणात ज्योत्स्नाची जागा रिकामी.
पोटात काहीतरी निघालं, इतकंच कळलं.
कुठलं हॉस्पिटल, तेही दोन दिवसांनी.
बसमध्ये आम्ही डाळींच्या भावावर बोललो,
बोनसवर बोललो,
द्वारकेला बस अडकली तेव्हा
सगळ्यांनी मोबाइल काढले.

तीन महिन्यांनी ती चढली.
दगूनाना खाली उतरून उभे होते, कधी नव्हे ते.
डबा मांडीवर नाही, शेजारी ठेवला.
साडी जरा वर नेसलेली, गाठ एका बाजूला.
कोणी विचारेना.
शेवटी कांकरिया मॅडमच, मान वळवून,
कसं केलं गं?

मला काय माहीत, ज्योत्स्ना म्हणाली.
मला झोपवलं होतं.

खिडकीबाहेर उड्डाणपुलाचे खांब,
एकावर क्लासची जाहिरात, पोरांचे टक्के.
बराच वेळ तिने तेच वाचलं.
मग हळू आवाजात, मला एकटीला,
हल्ली मीच पदर घेते तोंडावर.
काल त्या शाळेतल्या बाईला आत नेलं ना?
मग काय झालं? सांग.

मी तरी कुठे पाहिलं होतं.
ओढणीच्या आत मी पाढे म्हणत होते.

पण बस अडकलेली होती.
मी बोटं उचलली. म्हटलं, आधी दिवे लावले, पांढरे.
डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला.
मग इथून, अशी, सरळ रेघ,
घडीवरून पोलकं कापतात ना, तशी.
रक्त? फार नाही. टिपून घेत होते.
जे काढायचं ते काढलं, ट्रेमध्ये टक् वाजलं.

नाझनीन पाहते, एकही भाग न चुकवता.
मला एकदम आठवलं आणि माझी बोटं थांबली.
मागे वळून बघायचं धाडस होईना.

हो, नाझनीन म्हणाली. असंच झालं.
तिचा आवाज थोडा बसलेला होता.
त्या बाईचं काय झालं ते मला
आजतागायत माहीत नाही.

टाके किती, कांकरिया मॅडमनी विचारलं.
चौदा, मी म्हटलं.
ज्योत्स्नाने पदरावरून पोटावर हात ठेवला,
ओठ हलत होते तिचे, मोजत होती बहुतेक,
आणि दगूनानांनी गिअर टाकला.